माझ्याच केसची दुभाषी

पंधरा वर्षांची असताना मी एका माणसाच्या तोंडावर किलोचं वजन मारलं. त्याचे समोरचे दोन दात पडले. वजन लोखंडी होतं आणि त्याच्याच दुकानात, गल्ल्याशेजारी ठेवलेलं होतं.

तेलंगणात, उटनूरजवळ आमचं थोडं बागाईत होतं. वांगी, टमाटे, मेथी. बाजाराच्या दिवशी आई आणि मी माल घेऊन यायचो आणि त्या माणसाच्या किराणा दुकानापुढं, ओट्याच्या सावलीत बसायचो. जागा त्यानं दिली म्हणून आई त्याला शेठ म्हणायची आणि निघताना कोवळी वांगी निवडून त्याच्या घरी पोचवायची. गिऱ्हाइकानं मोठी नोट दिली की सुटे आणायला मला आत पाठवायची. सुटे देताना तो माझं मनगट धरायचा. आधी सहज धरल्यासारखं, मग घट्ट. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बापाच्या वयाचा हाय तो. तू लवकर हात काढून घेत जा."

त्या दिवशी हात निघाला नाही. त्याचा दुसरा हात जिथं जायला नको तिथं गेला. माझ्या मोकळ्या हाताला वजन लागलं.

लोक धावत आले तेव्हा तो तोंडाला रुमाल लावून सांगत होता की पोरगी गल्ल्यात हात घालत होती, पकडली म्हणून मारलं. मी काय सांगते ते कोणी विचारलं नाही, आणि भर बाजारात मलाही ते शब्द तोंडातून काढता आले नाहीत. पोलीस ठाण्यात एका बाईनं मला पाणी दिलं, बाकावर बसवलं. संध्याकाळी आईच्या सहीवर घरी सोडलं. वाटेत आई म्हणाली, "काऊन मारलं वं तू त्याले?"

"तुले माईत हाय," मी म्हणाले.

ती पुढं चालायला लागली. घर येईपर्यंत मागं वळली नाही.

पुढच्या आठवड्यात एक वकील आमच्या अंगणात येऊन बसला. त्याला शेठनंच पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. तो बाबांना म्हणाला, "शेठ चोरीचं बोलणं मागं घेतील. तुमी म्हणायचं, त्यांनी काही केलं नाई, पोरीनं रागात मारलं. लहान पोरांचं बोर्ड असते, समज देऊन सोडतात. दुसरं काही बोलाल तर पोरीचं नाव गावभर होईन. मग लग्न कोण करन तिच्याशी?"

बाबा त्याला पाणी आणायला उठले. आई म्हणाली, "तुमी मनता तसं."

मी तिथंच, चुलीपाशी होते.

सुनावणीला आई आणि मी बसनं अदिलाबादला गेलो. मला वाटलं होतं सिनेमातल्यासारखं कोर्ट असेल. ती साधी खोली होती. लांब टेबलामागं साडीतल्या न्यायाधीश मॅडम, त्यांच्या एका बाजूला एक सदस्य बाई, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ. अंगणात आलेला तो वकील आमच्या बाजूला येऊन बसला होता. मॅडमना मराठी येत नव्हती. आईला तेलुगू बाजारापुरती यायची: भाव, 'अवुनु' म्हणजे हो, 'लेदु' म्हणजे नाही. मला मात्र चांगली यायची. गावातली मराठी शाळा सातवीत संपली आणि मी तेलुगू हायस्कुलात गेले होते. मराठी जाणणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता, आणि वकिलाच्या तोंडून मॅडमना ऐकायचं नव्हतं. मॅडमनं मला विचारलं, "आईचं बोलणं तू सांगशील? जसंच्या तसं?"

मी हो म्हणाले.

आईनं हात जोडले. "मॅडमले सांग, पोट्टी तापट हाय. शेठनं काईच केलं नाई. सुटे द्यायले उशीर झाला, मनून हिनं रागात मारलं. एक डाव माफ करा मन."

मी माझ्या तोंडानं ते तेलुगूत सांगितलं. त्यानं काही केलं नाही, हे सांगताना मी त्याला 'वाडु' म्हणाले, म्हणजे अरे-तुरेतला 'तो'. सदस्य बाईंनी मला थांबवलं. "मोठ्या माणसाला 'आयन' म्हणायचं, अम्मा." मग मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांनी काही केलं नाही.

 मॅडमनं वकिलाला बाहेर जायला सांगितलं. "हे आईचं झालं. आता तुझं सांग. त्यानं तुला काही केलं का? केलं असेल तर त्याच्यावर वेगळी केस होईल. घाबरू नको."

"काय मनून राह्यली ते?" आईनं विचारलं.

मी तिला सांगितलं. काही न गाळता सांगितलं. वाटलं, एवढं ऐकून तरी ती बदलेल.

"नाई मन," आई म्हणाली.

मी मॅडमना काहीही सांगू शकले असते. वांगी, टमाटे सोडून आईला त्यातलं काय कळणार होतं? पण ती माझ्या ओठांकडं बघत होती. 'लेदु' तिला ओळखू येत होतं, आणि ती त्याचीच वाट बघत होती.

"लेदु," मी म्हणाले.

आईनं पुन्हा हात जोडले.

मग मॅडमनं मला रागावर ताबा ठेवण्याविषयी समजावलं. चांगल्या शब्दांत, आईच्या मायेनं समजावलं. आईला कळावं म्हणून तेही मलाच मराठीत सांगावं लागलं. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. समज देऊन मला सोडलं. काही महिने एका समुपदेशक बाईंकडं जायचं होतं. राग आला की लांब श्वास घ्यायचा, हे त्यांनी मला शिकवलं.

कायद्यानं माझ्यावर कसला डाग राहणार नव्हता. बाजारात मी दातपाडी झाले. शाळेत माझ्या बाकावरच्या मुलीला तिच्या आईनं दुसरीकडं बसायला लावलं. शेठनं नवे दात बसवून घेतले. पुढच्याच बाजाराला आई एकटी गेली, त्याच ओट्याच्या सावलीत बसली, आणि निघताना वांगी त्याच्या घरी देऊन आली. मला तिनं पुन्हा कधी बाजारात नेलं नाही, आणि हेच माझी काळजी घेणं आहे असं ती शेजारणींना सांगायची.

दहावीनंतर माझी शाळा सुटली. जवळपासची स्थळं फिरकेनात, म्हणून लांबचं बघून लग्न झालं. आता मी अदिलाबादला असते, शिवणकाम करते.

मुलगी झाल्यावर आई चार दिवस राहायला आली होती. मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, "तवा तू 'नाई मन' असं काऊन मनलं?"

ती थांबली नाही. काड्या वेगळ्या, पानं वेगळी करत म्हणाली, "तवा दुसरी जागा कोन देत होतं वं आपल्याले?"

तिचं खरं होतं. बाजारात दुसरी जागा नव्हती. लाज, लग्न, गावभर होणारं नाव, हे सगळं वकिलाचं बोलणं होतं. आईनं फक्त ओट्याची सावली बघितली होती.  संध्याकाळच्या बसनं ती गेली. स्टँड घरापासून जवळच आहे, पण मी तिला सोडायला गेले नाही.