झाडाचं माहेर विचारणारे मामा

झाडासमोर उभं राहून त्याचं माहेर विचारणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो नेमका पुंडलिकनगरात आमच्या शेजारी राहत होता. त्यांना मी मामा म्हणते. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मामांनी कारखान्यात नोकरी केली, पण नजर झाडपाला हेरणाऱ्या मेंढपाळाचीच राहिली. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी मांडवाबाहेरचं झाड बघत. सदऱ्याच्या खिशात कायम झाडांच्या बियांच्या शेंगा, प्रत्येकीला गावाच्या नावाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली. मुकुंदवाडी स्टेशनजवळचा रोपवाला त्यांना लांबून पाहिलं की चहाला निघून जाई, कारण मामांचा प्रश्न ठरलेला: "रोप झ्याक हाय. बी कुठलं?" बिचाऱ्याला फक्त किंमत ठाऊक असे.

त्यांचं म्हणणं असं, की करंज सगळीकडे करंजच. पण ज्या हवेत त्याचे आईबाप वाढले, तिची सवय तो बियातून घेऊन येतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी चळवळीची पत्रकं वाटत मोठी झालेली मुलगी. "जन्मावरून लायकी ठरवता, मामा?" म्हणून भांडले. ते शांतपणे म्हणाले, "लायकी कोण काढतंय, पोरी? मी सवय म्हणतोय."

मग खात्रीसाठी त्यांनी कॉलनीच्या मोकळ्या जागेत करंजाच्या दोन रांगा लावल्या. एक इथल्याच गारखेड्यातल्या जुन्या झाडाच्या बियांची, दुसरी लेकीच्या गावाहून, चिपळूणहून आणलेल्या बियांची. कोकणची रांग बघता बघता छातीला लागली. इथली गुडघ्यावरच अडली. बाहेरून आलेली पुढे गेली म्हणून मी निवडणूक जिंकल्यासारखी फिरत होते. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर तर इथल्या रांगेनं सगळी पानं टाकली. उरल्या नुसत्या काड्या. सेक्रेटरींनी ठरवलं, वाळकी रांग उपटून तिथे फरशी बसवायची.

रविवारी कुदळ आली तेव्हा मामा गुडघे धरत काड्यांसमोर बसले आणि एकीची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं.

"मेलं नाय ते. उन्हाळा वळखून गप बसलंय."

"काका, त्याच्या गप्प बसण्यावर कॉलनीनं किती थांबायचं?" सेक्रेटरी म्हणाले.

जो बोलत नाही त्याला मेलेला धरून जागा मोकळी करायची, ही चाल मी चांगली ओळखते. त्याच दुपारी पत्रक लिहिलं, दारोदार फिरून सह्या घेतल्या. पाडव्यापर्यंत मुदत मिळाली.

पण पाडव्याआधीच मामांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक त्यांना चिपळूणला घेऊन गेली. रिक्षात बसता बसता त्यांनी मला बजावलं: इथल्या रांगेला एक बादली, कोकणच्या रांगेला दोन. जिंकणाऱ्या रांगेला दोन कशाला, मी विचारलं.

"तिला इथल्या उन्हाची सवय नाय. म्हणून काय मरू द्यायची?"

पाडव्याच्या सकाळी काड्यांना तांबूस पालवी फुटली. सेक्रेटरींनी चष्मा पुसून ती दोनदा पाहिली आणि फरशीचा विषय परत काढला नाही. मे महिन्यात कोकणच्या पानांच्या कडा करपल्या, पण दुसऱ्या बादलीवर ती रांग तगली. मामांशी आता माझं भांडण उरलेलं नाही, आणि त्याचीच चुटपुट लागते.

जुलैत त्यांचा फोन आला. दोन्ही रांगांची चौकशी केली. कोकणच्या रांगेची आधी. तिकडे तीन आठवडे ऊन नाही, सदरे वाळत नाहीत, खिशातल्या शेंगांना बुरशी आली, म्हणाले.

"आणि तुम्ही कसे आहात, मामा?"

पलीकडे पाऊस वाजत होता.

"गप बसलोय, पोरी."