माफीचा हुकूम

चीनहून आलेल्या प्राध्यापिका आमच्या लॉ कॉलेजात सांगत होत्या, की तिथलं कोर्ट भरपाईबरोबर माफी मागायचाही हुकूम देऊ शकतं. मला हसू आलं. आमचा कायदा इंग्रजी वळणाचा. वकील म्हणून मी अशिलाला आधी हेच बजावतो, की माफी मागू नका, ती कबुली धरतील. "हुकमानं मागितलेली माफी खरी कशी?" मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं.

नंतर चहापानाच्या वेळी माझाच हात लागून त्यांचा चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडला.

"कप अगदी कडेला होता," मी म्हणालो.

त्या डाग पुसत राहिल्या. हुकूम कुणीच दिला नव्हता. खरी माफी मागायची ती वेळ होती, आणि मी नुसता रुमाल पुढे केला.