शनिवारचे मास्तर

बातमी घेऊन वैशाली आली तेव्हा मी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. रविवारची सकाळ होती, मांजर्लीच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर कुणाचं तरी सामान उतरत होतं, त्यामुळे दारावरची बेल मला पहिल्यांदा ऐकूच आली नाही. दार उघडलं तर ती उभी. नर्सच्या नोकरीतली रात्रपाळी संपवून थेट आलेली, डोळे सुजलेले. "बाई, मास्तर गेले," ती म्हणाली, "परवा पहाटे." मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, काय झालं कसं झालं विचारलं... पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. हिला आधी कळलं आणि मला दोन दिवसांनी, हे पहिल्यांदा मनात आलं. गेलेल्या माणसाच्या बाबतीतही मला मानाच्या पानाचा हिशेब सुचावा, याची लाज वाटायला अर्धा पेला पाणी संपावं लागलं. आज त्या गोष्टीला सहा आठवडे होतील. बळीराम मास्तरांबद्दल लिहायला बसले आहे ती त्यांचं कौतुक करायला म्हणून, पण हेवा बाजूला ठेवून त्यांच्याबद्दल काही लिहिणं मला जमेल असं वाटत नाही. तेव्हा तो धरूनच लिहिते.

अंबरनाथच्या ज्या शाळेत मी संगीत शिकवत असे ती मोरिवली गावाच्या अंगाला होती. मुलं बहुतेक कारखान्यातल्या कामगारांची, काही गावातल्या शेतकऱ्यांची. मी संगीत विशारद, माहेरी गुरूंकडे बारा वर्षं शिकलेली. रेडिओवर गावं अशी फार इच्छा होती, दोनदा आवाजाची चाचणी देऊन आले, दोन्ही वेळा नकाराचं कार्ड आलं. मग लग्न, मग ही नोकरी. प्रार्थना, समूहगीत, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे सामंतबाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि त्यांनी एक नवीनच टूम काढली. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास, कलेवर पोट असणारी माणसं वर्गात आणायची. पहिल्यांदा कुंभार आला, मग स्टुडिओवाला फोटोग्राफर. तोवर मीही कौतुकाने पाहत होते. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, उल्हासनगरहून एक बँडमास्तर येणार आहेत, क्लॅरोनेट वाजवतात, आणि ते वर्षभर येत राहतील.

"बाई, संगीताला मी आहे ना?" मी म्हटलं.

"तुम्ही शिकवता. ते त्याच्यावर जगतात," सामंतबाई म्हणाल्या. "मुलांना दोन्ही दिसू दे की."

हे वाक्य मी पुढे कित्येक रात्री चघळलं. लग्नाच्या वरातीत लाल कोट घालून वाजवणारा माणूस, आणि माझ्या बारा वर्षांच्या शेजारी त्याची खुर्ची!

ते आले ते साध्या पांढऱ्या बुशशर्टात. काळेसावळे, किरकोळ बांध्याचे, पन्नाशीच्या आतले. मुलांची निराशा झाली, त्यांना जरीच्या पट्ट्यांचा कोट बघायचा होता. मास्तर खुर्चीवर बसलेच नाहीत, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता गप बसायचं. एक पाव्हणा येतोय." मुलं दाराकडे बघायला लागली. आणि कारखान्याचा भोंगा झाला. तो भोंगा मी सहा वर्षं ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. तो व्हायची वेळ झाली की मी खिडक्या लावून घ्यायला सांगत असे, कारण माझ्या पेटीच्या सुरात तो खडा टाकायचा. मास्तरांनी भोंगा पूर्ण होऊ दिला. मग क्लॅरोनेट ओठाला लावली आणि तोच भोंगा वाजवला. खालून उठून, घसरत घसरत वर चढून जिथे तो स्थिरावतो तिथे नेमका नेऊन थांबवला. वर्ग जागच्या जागी उसळला. "हा घ्या तुमच्या बापाच्या कारखान्याचा सा," ते म्हणाले. "आता ह्याच्यावर सगळे मिळून आऽऽ करा." साठ मुलं एका सुरात लागली. त्यात कधी तोंड न उघडणारी, मी मागच्या बाकावर 'नुसते ओठ हलवा' म्हणून बसवलेली मुलंही होती. मी दाराशी उभी होते. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत... हातात हजेरीची वही आहे असं स्वतःला सांगितलं.

त्यानंतर मी त्यांच्या चुका गोळा करायला लागले. त्या भरपूर होत्या. त्यांना रागांची नावं येत नसत. त्यांच्याकडे सुरावटींची नावं प्रसंगावरून होती: हे हळदीचं, हे वरातीचं, हे 'सिंधी शादीवालं'. कोमल धैवत लावताना ते तो हवा त्यापेक्षा थोडा अधिकच खाली घेत आणि मुलांना तस्साच शिकवत. एकदा तास संपल्यावर ते स्टाफरूमच्या दारात आले, चपला बाहेर काढून. "बाई, जरा विचारायचं होतं. हे कुठलं राग म्हणायचं?" आणि त्यांनी गुणगुणून दाखवलं. मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मी म्हटलं, "मिश्र आहे काहीतरी. शुद्ध नाही." त्यांनी मान डोलावली, "हां, आमचं सगळं मिश्रच," आणि हसत निघून गेले. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, हे मला कळायला फार वर्षं लागली. बाहेर व्हरांड्यात मुलं त्यांची वाट बघत असत. मला 'बाई' म्हणून वाट करून देणारी मुलं त्यांच्या अंगाला लगटून रस्त्यापर्यंत जात.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. वैशाली मला गिळता आली नाही. ती मोरिवलीची, आठवीतली. तिचा आवाज माझी कमाई होती. असा आवाज दहा वर्षांत एखादाच सापडतो, आणि मी तो दोन वर्षं घासूनपुसून तयार केला होता. समूहगानाच्या स्पर्धेला तिच्या एकटीच्या दोन ओळी ठेवल्या होत्या. एक दिवस ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, "बाई, त्या ओळी सुमनला द्या. मला गाण्यात क्लॅरोनेट वाजवायची आहे. मास्तर म्हणाले, माझा दम चांगला आहे."

दम! मी दोन वर्षं तिला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, आणि तो श्वास ती त्या काळ्या नळीत घालणार होती. चौकशी केल्यावर कळलं की मास्तरांनी स्वतःची जुनी क्लॅरोनेट तिला वापरायला दिली आहे आणि रविवारी दुपारी ती मैत्रिणीला बरोबर घेऊन उल्हासनगरला त्यांच्या घरी रियाजाला जाते. मास्तरांची बायको त्या दोघींना जेवू घालते, हेही कळलं.

पुढे मी जे केलं ते मी आजवर कुणाला लिहून सांगितलेलं नाही. मी वर्गशिक्षकांच्या वहीतून पत्ता घेतला आणि मोरिवलीला वैशालीच्या घरी गेले. वडील पडवीत बसले होते, पहिली पाळी करून आलेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी एक अक्षर खोटं बोलले नाही. एवढंच म्हटलं, "वैशाली बँडवाल्यांकडे शिकायला जाते, ते तुम्हाला ठाऊक असेलच. रविवारी त्यांच्या वस्तीत जाते ना."

"कुठं म्हन्ता, बाई?"

"त्यांच्या वस्तीत," मी पुन्हा म्हटलं. त्या एका शब्दावर मी जरा जास्त थांबले, एवढंच. मास्तर बौद्ध होते, हे मला माहीत होतं, वडिलांनाही आता कळलं. 'वस्ती' म्हणताना मला काय सुचवायचं आहे ते आम्हा दोघांनाही समजलं, आणि त्यातला एकही शब्द मला उच्चारावा लागला नाही. गाण्यात इतकी वर्षं घालवल्यावर कुठे थांबलं की काय अर्थ होतो हे माणसाला कळतंच.

सोमवारी वैशालीने क्लॅरोनेट एका पिशवीत घालून शिपायाच्या हाती परत केली. पंधरा दिवसांत तिच्या वडिलांबरोबर आणखी तिघे-चौघे पालक संस्थेकडे गेले. शाळेत बँड कशाला, मुलींना असल्या लोकांत कशाला, वगैरे. शनिवारचे तास बंद झाले, फक्त मास्तरांचेच नव्हे, सगळेच. पुढच्या महिन्यात नाटकवाले येणार होते, तेही राहिलं. सामंतबाई मला एकदाच बोलल्या. "तुम्ही त्या मुलीचा पत्ता मागवला होता म्हणे." मी म्हटलं, स्पर्धेच्या कामासाठी. त्या बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिल्या. स्पर्धेत वैशाली माझ्या दोन ओळी गायली. सूर अचूक, शब्द स्पष्ट. बक्षीस मिळालं नाही. ते गाणं ऐकताना परीक्षकांच्या आधी मलाच कळलं होतं की मिळणार नाही.

मास्तर एकदा शाळेत आले होते, फाटकापाशीच. "बाई, पोरगी आजारी-बिजारी नाय ना?" मी म्हटलं, "अभ्यास वाढलाय तिचा." ते म्हणाले, "मग बरं आहे," आणि सायकलवर टांग टाकून गेले.

मध्ये सात-आठ वर्षं गेली. नव्वदनंतर लग्नातून बँड कमी कमी होत गेले, कॅसेटवाले आणि कॅसिओवाले आले. माझ्या यजमानांच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं उल्हासनगरला लग्न होतं, दुपारची पाठवणी. हॉलच्या बाहेर फक्त पाच माणसांचा बँड उभा होता, कोटांचे रंग उडालेले. मुलगी आईच्या गळ्यात पडली आणि क्लॅरोनेट सुरू झाली. पहिली ओळ ऐकून मी गर्दीतून पुढे सरकले. ती माझी चाल होती. आयुष्यात मी एकच चाल बांधली आहे, दहावीच्या निरोपसमारंभाच्या गाण्याची. आमच्या मराठीच्या सरांचे शब्द, माझी चाल. पुढे ते गाणं शाळेतही बंद पडलं होतं. त्या चालीच्या दुसऱ्या ओळीत मी एक भरकन घेतलेली हरकत ठेवली होती, आणि तिथे काहीतरी उणं आहे हे मला कायम जाणवत असे. मास्तरांनी ती हरकत काढून टाकली होती. तिथे ते एकाच सुरावर थांबले... आणि आजूबाजूच्या बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. माझेही डोळे भरले. ते अश्रू चालीसाठी नव्हते. तो सूर मला सुचला नाही, त्याला सुचला, याचे होते.

मुलगी गाडीत बसल्यावर मास्तर रुमालाने तोंड पुसत माझ्यापाशी आले. केस पांढरे झाले होते. "बाई, वळखलीत का चाल? शनिवारी मी लवकर यायचो ना, व्हरांड्यात बसायचो. तुम्ही पोरांकडून घोटून घ्यायच्या. तेव्हा उचलली. आता उल्हासनगरात आमच्याकडे पाठवणीला हीच असते. कुणी विचारलं तर सांगतो, आमच्या शाळेतल्या बाईंची आहे."

मला राहवलं नाही. "मास्तर, तेव्हा वैशालीच्या घरी मी गेले होते."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तिच्या बापानंच सांगितलं, बाजारात भेटला तेव्हा."

"आणि तरी माझी चाल वाजवता?"

त्यांनी क्लॅरोनेट उलटी करून झटकली. "लागलं होतं, बाई. खोटं कशाला बोलू? वर्षभर त्या रस्त्यानं गेलो नाय. पण चालीनं माझं काय वाकडं केलंय?"

क्षमा मागावी असं वाटलं. तोंडातून निघालं, "दुसऱ्या ओळीत तुम्ही बदल केलाय." ते म्हणाले, "हां, तिथं पोरगी मागं वळून बघते ना... म्हणून थांबलो."

नोकरी लागल्यावर वैशाली आपली आपण पुन्हा त्यांच्याकडे गेली होती, आणि त्यांच्या शेवटच्या दुखण्यात रजा टाकून पंधरा दिवस उशाशी होती, हे त्या रविवारी तिने मेथीच्या जुड्यांसमोर बसून मला सांगितलं. मी तिला विचारलं, माझ्याकडे का आलीस? तिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "मास्तर म्हणाले होते, बाईंना कळव. मी म्हटलं, त्यांना कशाला? तर म्हणाले, तू गायची कशी ते त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?"

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तिच्याबरोबर उल्हासनगरला त्यांच्या घरी गेले. जिथे जाण्याबद्दल मी एका बापाला सावध केलं होतं, तिथे मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. स्वच्छ सारवल्यासारखी झाडलेली खोली, बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या. माणसं पांगल्यावर मास्तरांच्या पत्नी, शांताबाई, आम्हाला आतल्या बाजूला घेऊन गेल्या. भिंतीतल्या फळीवर क्लॅरोनेट ठेवली होती आणि तिच्याशेजारी पाण्याने भरलेला स्टीलचा छोटा पेला. मला वाटलं, नैवेद्याचा आहे. वैशाली म्हणाली, "नाही बाई, पत्तीचा." क्लॅरोनेटच्या तोंडाला बांधायची ती बोरूची पातळ पत्ती वाजवण्याआधी ओली लागते. मास्तर रोज सकाळी उठले की पेल्यात पत्ती टाकलेली असे, म्हणजे शांताबाईंनी टाकलेली असे.

"छत्तीस वर्षं भरतेय," त्या म्हणाल्या. "आता वाजवणार कोण नाय, कळतं मला. पण सकाळ झाली की हात जातोच."

आणि त्यांनी तो पेला उचलला, पत्ती बोटाने धरून पाणी मोरीत ओतलं, माठातलं ताजं पाणी भरून पुन्हा जागच्या जागी ठेवला. पत्ती वर तरंगली, हळूहळू पेल्याच्या कडेला टेकली. माझ्या घरी पेटी आहे, तिच्यावर मी स्वतः विणलेलं आच्छादन आहे. मी गेल्यावर ते कुणी उचलून बघेल असं मला वाटत नाही. वैशाली शांताबाईंच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मी त्या दोघींच्या मागे उभी राहून पेल्याकडे बघत होते, आणि देवाशप्पथ सांगते, मला मास्तरांचा तेव्हाही हेवाच वाटला.