अत्याचं किराईत

माझी अत्या त्रिपुरसुंदरी कुंभकोणमला एकटी राहते. वय त्र्याहत्तर. मी तिचा सख्खा भाचा, चेन्नईत बँकेत आहे. वर्षातून एकदा येतो आणि उपकार केल्यासारखा वावरतो.

तिच्या हाताला एकच गुण, किराईताचा काढा. गावात त्याला निलवेंबू म्हणतात. आमचे पूर्वज इथल्या मराठी राजांच्या काळात इकडे आले तेव्हा किराईत हा शब्द सोबत आणला, आणि इथल्या बांधांवर तसलीच कडूजहर काडी दिसली तेव्हा तिलाच तो चिकटवला, असं घरात सांगतात. खरंखोटं देव जाणे. जंत, पित्त, मेलेली भूक, रेंगाळणारा ताप, सगळ्यांवर हीच काडी. डेंग्यूच्या साथीत सरकारनेच हा काढा वाटला, तेव्हा अत्याच्या ओसरीवरही रांग लागायची. ताप चढलेल्याला ती आधी डॉक्टरकडे हाकलायची. आता पूड दुकानात मिळते. रांग कधीच संपली.

घरात मापबिप नव्हतं. बाजारात काडी चावून बघायची, कडवटपणा कानापर्यंत गेला तरच घ्यायची. सगळी भिस्त जिभेवर.

या खेपेला सकाळी अत्याने मलाही पेला दिला. मी नाक दाबून प्यायलो आणि चकित झालो. नुसतं गढूळ पाणी. डब्यातली काडी चावून पाहिली, तर जुनाट भुसा.

"अत्या, हे कडू कुठाय?"

"करोना जाल्यापासून मज चव कळत नाही रे," ती म्हणाली. "कोणांस सांगू नको."

मी चिडलो. असली काडी विकणाऱ्या दुकानदारावर, तिच्यावर, आणि दोन वर्षं ही गोष्ट मला ठाऊक नव्हती म्हणून स्वतःवरही. पण स्वतःवरचा राग कुणी धरून बसतं का? मी स्कूटर काढली आणि इन्नंबूरला जाऊन शेतकऱ्याकडून ताज्या काड्या आणल्या. हिरव्यागार. एक चावली तर डोळ्यांत पाणी आलं. मला माझाच अभिमान वाटला.

संध्याकाळी शंकरनारायण मामा आले. शेजारच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक, बायको जाऊन सात वर्षं झालेली. पचनासाठी म्हणून रोज पाच वाजता अत्याच्या ओसरीवर काढा घ्यायला येतात, कडू म्हणून तोंड वाकडं करत पितात आणि दिवे लागेपर्यंत बसतात. अत्याचं दिवसभरातलं बोलणं तेवढंच, तेही तमिळमध्ये.

त्यांनी नव्या काढ्याचा घोट घेतला, आणि ठसका लागून तो अंगावर सांडला.

मी हसलो. "मामा, हा खरा काढा. दोन वर्षं तुम्ही नुसता भुसा उकळून पीत होता. रोज तोंड वाकडं करायचात म्हणे, ते कशासाठी?"

गल्लीतल्या दोन बायका दारात उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मामांनी धोतराच्या सोग्याने छाती पुसली, पेला जपून खाली ठेवला आणि चप्पल घालून निघाले. अत्या आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले, सहा वाजले. मामा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दारातूनच सांगितलं की पोट आता बरं आहे, काढ्याची गरज नाही. आत ये म्हणाले नाहीत.

परत आलो तर अत्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मी म्हणालो, मला वाटलं तुझी फसवणूक होतेय.

"चव नाही, पण मज वास येतो," ती शांतपणे म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं, काडी वाईट आहे. ते पिऊन तोंड वाकडं करत्यात, तेही कळलं. त्यांसही कळत होतं, मज कळलंय म्हणून. त्यांच्या घरी कोणी नाही, माझ्या घरी कोणी नाही. काढा आहे म्हणून येत होते. आता काय म्हणून येतील?"