तात्यांचा झेंडू

तात्या रोज सकाळी गॅलरीत येऊन झेंडूच्या कुंड्यांत थुंकायचे. आधी घसा खाकरायचे. तो आवाज थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि हातातला चहा तसाच राहायचा. मग तंबाखूची पिंक, आज या कुंडीत, उद्या त्या कुंडीत. कुंड्या म्हणजे रंगाचे रिकामे डबे. साताऱ्यातली आमची इमारत नवी, पण दोन घरांच्या गॅलऱ्यांमध्ये नुसती जाळी. राहायला आले त्याच आठवड्यात मी म्हटलं, "तात्या, दसऱ्याला याच फुलांचं तोरण लावता ना दाराला?"

"लावतो की! झेंडूचं बरं असतंय बगा मॅडम. पानी न्हाई दिलं तरी येतोय, वर थुकलं तरी येतोय. तक्रार न्हाई." मग आत मान वळवून ओरडले, "झेंडू! चाय ला!"

मला वाटलं, घरकामाला ठेवलेल्या पोरीला हाक मारतायत. चहा घेऊन त्यांची बायको आली.

तात्या मूळचे शिराळ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. मिशा कोरलेल्या, बूट चकचकीत. पण जेवल्यावर केरसुणीची काडी मोडून दात कोरायचे आणि काडी परत केरसुणीत खोचायचे. माझी स्कूटर बंद पडली की जिना उतरून ढकलायला यायचे, हेही खरं. पण नंतर काळे हात आमच्या दाराच्या पडद्याला पुसायचे. सगळे म्हणायचे, माणूस दिलदार आहे. असेल. मला त्यांची किळस यायची ती यायचीच.

आमच्याकडे एखाद्याला झेंडू म्हटलं की तो बावळट. शाळेतली पोरंसुद्धा एकमेकांना म्हणतात. फूल तेच, जे देवाला, गाडीला, दाराला लागतं आणि दोन दिवसांनी उकिरड्यावर कुजतं. कुजलेल्या झेंडूचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. हे सगळं तात्यांनी एका बाईला नाव म्हणून चिकटवलं होतं आणि इमारतीतल्या लोकांना ते गोड वाटत होतं. "किती प्रेमानं हाक मारतात," असं खालच्या मजल्यावरची शिकलेली सून म्हणाली, तेव्हा मला तिचीही किळस आली.

एकदा जिन्यात मी तात्यांच्या बायकोला, काकूंना, सरळ नाव विचारलं.

"वत्सला," त्या म्हणाल्या. "माज्या आत्यानं ठिवलेलं, बारशाला. आता माजी भाचरं बी झेंडूमावशी म्हंत्यात. बँकेत वत्सला म्हनून पुकारलं की मी दुसऱ्याच बाईकडं बगत बसते." हसल्या नाहीत. मीही हसले नाही. त्या दिवसापासून मी त्यांना वत्सलाकाकू म्हणू लागले. पहिल्या दोन-तीन हाकांना त्यांनी ओ दिली नाही, मग देऊ लागल्या.

त्यांच्या लग्नाची पन्नाशी इमारतीने गच्चीवर साजरी केली. केक, माईक, सगळा थाट. लोक म्हणाले, तात्या, उखाणा होऊ द्या. तात्यांनी मिशीला लागलेलं क्रीम चाटलं आणि सुरू केलं :

"फौजेत प्यालो रम, गावाकडं खाल्ला मासा,
झेंडू पडला पदरात, तिचा वास सोसतो कसा!"

गच्ची हसून हसून लोळली. माईक काकूंकडे आला. त्यांनी पदर सारखा केला. "आदी माजं नाव घ्या. मग मी तुमचं घेते."

"घेतलं की आत्ता!"

"ते माजं न्हाई."

"अगं झेंडू, लोकं बगत्यात—"

काकूंनी माईक केकशेजारी ठेवला आणि खाली निघून गेल्या. कुणीतरी घाईघाईने गाणं लावलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या झेंडू या हाकेला ओ देईनात. तात्या गॅलरीतून ओरडायचे, काकू आत भांडी घासत राहायच्या. सकाळचा चहा दुपारी मिळू लागला. मी जाळीतून म्हटलं, "तात्या, तीन अक्षरं आहेत. घ्या की एकदा."

"बायकूफुडं वाकायला मी काय झेंडू हाय व्हय?" म्हणाले आणि कुंडीत थुंकले. पुढे ते स्टीलचा पेला गॅलरीच्या गजांवर आपटायला लागले. चहा हवा, खण्‌खण्‌. पाणी हवं, खण्‌खण्‌. शेवटपर्यंत तेच. नाव काही घेतलं नाही.

मागच्या थंडीत ते गेले. झोपेतच. सावडायच्या दिवशी नदीवर घास ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चांगले तीन-चार बसले होते, पण एकही खाली उतरेना. जमलेल्या लोकांनी सगळ्या कबुल्या दिल्या : वर्षश्राद्ध जोरात करू, शेताची वाटणी नीट करू. शेवटी धाकटा दीर हात जोडून काकूंपुढे आला. "वयनी, तुमीच नाव घिऊन हाक मारा. त्येचा जीव तुमच्यात आडकलाय."

काकूंनी घासाकडे पाहिलं. "आदी त्यांनी माजं घ्यायचं ठरलं हुतं. त्यांनी घेतलं न्हाई. मी बी घेनार न्हाई."

"आवं, मेल्या मानसाशी कसली बोली?"

"मानूस जित्ता हुता तवाच केलीया."

मग घास गाईला घातला. तिने दोन मिनिटांत संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा काकू एकेक डबा घेऊन जिना उतरत होत्या. दोन डबे मीही उचलले. मातीला असा दर्प होता की मी तोंड फिरवून चालत होते. गाडीवरच्या माणसाने डब्यांत डोकावून पाहिलं. "आजी, झाडं चांगली हायत की. फुलं बी हायत. टाकताय कशाला?"

"झाडाचा काय दोष न्हाई," वत्सलाकाकू म्हणाल्या आणि डबा गाडीत उपडा केला. "पर घान लय झालीया."