दोनशे चाळीस पिवळे अंगरखे

आत्याचं सगळं आयुष्य दातांत गेलं. स्वतःच्या नव्हे, लोकांच्या. कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं खोट्या दातांना रंग दिला. सरसकट पांढरा दात खोटा दिसतो, हे ती भेटेल त्याला ऐकवायची. हिरडीजवळ किंचित पिवळा, मध्ये दुधाळ, टोकाला जरासा निळसर, असे सात पांढरे तिच्या बोटांत बसले होते. निवृत्त झाली तेव्हा डोळे शाबूत, हात स्थिर, आणि रंगवायला काहीच नाही. मग ती घरातल्या सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागली. सगळ्यांच्या म्हणजे एकट्या दादाच्या. वहिनी गेल्यापासून त्या घरात भाऊ आणि बहीण दोघंच राहत होते.

दादाला लढायांचा नाद. खऱ्या नव्हे, टेबलावरच्या. बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई, कापडाखाली पुस्तकं ठेवून केलेल्या टेकड्या, पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, आणि दर रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांशी दोन हात करायचे. शिपाई राखाडी प्लास्टिकचे येत, रंगवायचे आपले आपण. दादाने रंगवलेली पहिली तुकडी पाहून आत्या म्हणाली, "हे शिपाई आहेत की जॅममध्ये पडलेली झुरळं?"

त्या दिवसापासून रंगकाम जे आत्याकडे आलं, ते अकरा वर्षं. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण रंगाच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा हात. मग रंग पातळ करून एकावर एक चार थर, कारण जाड रंगाने नाक-डोळे बुजतात. मग काळपट पाणीदार रंग घड्यांमध्ये सोडायचा. शेवटी सगळ्यांत बारीक ब्रशने कडांवर उजेड. अंगरख्याला तीन निळे, पट्ट्यांना तेच सात पांढरे. भडक रंगांना ती "सर्कशीचे रंग" म्हणायची आणि त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. औषधवाले भिंग लावून बघत आणि म्हणत, "ताई, याच्या दाढीचे खुंटसुद्धा दिसतात हो!" त्यावर आत्या "काहीतरीच तुमचं" म्हणायची आणि दोन दिवस हवेत असायची. दादा मात्र मान तिरकी करून बघायचा आणि "छान" एवढंच म्हणायचा. मान तिरकी करायची ही ऐट त्याला म्हातारपणी सुचली होती, असं आत्याचं मत होतं.

एका रविवारी ती चहा घेऊन आत आली, तेव्हा डाव रंगात आला होता. दादाने दोन्ही हातांनी एक अख्खी रांग पुढे सरकवली आणि गरजला, "आता सांभाळा!" आत्या जागच्या जागी थांबली. ती रांग हिरवी होती. हिरवे शिपाई औषधवाल्यांचे. दादाचे निळे मागेच उभे होते.

एरवी अर्ध्या बोटाच्या अंतरावरून घसा फोडून भांडणारे औषधवाले त्या दिवशी भांडले नाहीत. मुकाट्याने फासे टाकून त्यांनी स्वतःचेच शिपाई बाजूला काढले आणि हळू आवाजात म्हणाले, "सापडलो बुवा." त्या हळू आवाजानेच दादाला शंका आली. त्याने समोरचा शिपाई चाचपला. त्याच्या शिपायांच्या डोक्यावर तुरा असायचा, या डोक्यावर टोपी होती. दादाचा चेहरा पार उतरला.

औषधवाले गेल्यावर तो म्हणाला, "आता खेळ बंद. गुडघे दुखतात. हे सगळं त्यांना देऊन टाक."

"गुडघ्याने खेळतोस का तू? डोळे दाखवलेस?"

"दाखवले. दोन वर्षं झाली. मधलं पुसट झालंय, कडेचं दिसतं. यापुढे सुधारणार नाही म्हणाले डॉक्टर."

"दोन वर्षं! मग छान छान काय म्हणत होतास?"

"काय म्हणणार? तू एवढी मरमर करतेस."

आत्याला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. पण सगळ्यांत मोठी होती ती भीती. वहिनी गेल्यावर हा माणूस सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता. औषधवाल्यांनी रविवारचा डाव मांडला, तेव्हा कुठे उठून दाढी करायला लागला. रविवार गेला, तर तो पुन्हा तसाच पडणार होता.

मग तिने घोडचूक केली. जे येत होतं तेच जास्त केलं. कडांवर आणखी उजेड, डोळ्यांत आणखी ठिपके. आठवडाभर खपून एक तुकडी रंगवली आणि त्यातला एक शिपाई दादाच्या हातात दिला, तर त्याने तो उलटा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या जुन्या चष्म्याच्या काचांना मधोमध कोल्ड क्रीम फासलं, तो डोळ्यांवर चढवला आणि दादाच्या खुर्चीत बसली. टेबलावर तिची अकरा वर्षं मांडलेली होती. तीन निळे, सात पांढरे, दाढीचे खुंट, सगळ्याचा मिळून एकच चिखल. दिसलं काय, तर रंगाच्या बाटलीचं पिवळं झाकण.

तिने चष्मा उतरवला. मग उठून तिने जुना रंग सुटावा म्हणून बादलीत साबणाचं औषधी पाणी केलं आणि दोनशे चाळीस शिपाई आत सोडले. जुन्या रंगावर नवा चढवला की नाक-डोळे बुजतात, आणि तेवढी शरम तिला अजून होती. औषधवाले आले, बादली बघून किंचाळले, "ताई, वेड लागलं का तुम्हाला?" तिने त्यांच्या हातात जुना टूथब्रश दिला. "बडबड नको. घासा."

काळा प्रायमर. त्यावर सर्कशीतला पिवळा, एकच. अंगरखा आणि पट्टा यांच्यामध्ये जाड काळी रेघ. पायाखालच्या चकतीला पांढरी कड. तुरा पांढराफटक. तो देताना तिचा हात दोनदा मागे आला; कारखान्यात असा दात केला असता, तर तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. वरून बिनचकाकीचं व्हार्निश, कारण चकाकीने दादाचे डोळे दिपत. सगळं उरकायला तीन आठवडे लागले.

रविवारी औषधवाले येऊन बसले, पण दादा खोलीतून येईना. आत्या दारातूनच ओरडली, "टेबलावर पसारा मांडलाय. चहा हवा असेल तर येऊन आवर!" तो कुरकुरत आला, बसला आणि त्याने मान तिरकी केली. मग त्याचं बोट हवेतल्या हवेत सरकायला लागलं. "हे माझे. ही डावी बाजू. आणि हा मागे रेंगाळलाय तो झेंडेवाला." औषधवाल्यांनी उगाचच नाक शिंकरलं.

डाव सुरू झाला. चार चाली झाल्या असतील नसतील, औषधवाल्यांनी आपली रांग पुढे आणली आणि दादा खुर्चीतून अर्धा उठला. "अहो, किती सरकताय! माझ्या तुकडीला येऊन चिकटलात. मागे घ्या!"

"मुळीच नाही! मोजून सरकलोय. ताई, पट्टी द्या, पुन्हा मोजतो!"

"मोजता कशाला?" दादा टेबलावर थाप मारून ओरडला. "मला दिसतंय ना!"

पट्टी आत्याच्या हातातच राहिली. तिला जे रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना, आणि ते दोघे म्हातारे भांडण अर्धवट टाकून तिच्याकडे बघत राहिले.