दोरीवरचा शर्ट

नवरा मस्कतला गेला तेव्हा त्याचा एक शर्ट घरी राहिला. फिकट निळा, बारीक चौकटींचा, शिंप्याकडून नुकताच आलेला आणि एकदाच अंगात घातलेला. तिकडच्या उकाड्यात जाड कापड नको, म्हणून त्यानेच तो बॅगेतून काढून खाटेवर टाकला. आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो. 'आम्ही' म्हणायची आपली सवय. राहायचे मी एकटीच, चौथ्या मजल्यावर, ज्या ब्लॉकच्या कर्जापायी तो गेला होता त्याच ब्लॉकमध्ये. "एवढं एक कंत्राट संपलं की परत," असं तो म्हणाला होता. मूल झालेलं नव्हतं, सासू-सासरे गावी, माहेर लांब. सकाळी कुलूप मी लावायचे आणि संध्याकाळी मीच उघडायचे. ऑफिसात दिवसभर टाइपरायटरचा खडखडाट असायचा, त्यामुळे घरातली शांतता आणखीच जाणवायची.

एकट्या बाईला सल्ले फुकट मिळतात. मी त्यातला एकच मानला. एका रविवारी दुपारी एका अनोळखी माणसाने बेल वाजवली. "साहेब आहेत का?" म्हणत त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, थेट बाल्कनीपर्यंत, आणि मग "कोणीच नाही का घरी?" असं विचारलं. मी दार लावून घेतलं.  खालच्या मजल्यावर वेंगुर्ल्याकडची एक मावशी राहायची, तिच्याकडे गेले. मावशीने धीरबिर काही दिला नाही. मला खाली कंपाउंडमध्ये नेलं आणि माझ्याच बाल्कनीकडे बोट दाखवलं.

"बघ. दोरयेर नुसते बायकांचे कपडे दिसतत. घोवाचो येक शर्ट वाळत घाल. घरात बापयमाणूस आसा ह्या लोकांका दिसाक व्हया."

तेव्हापासून घोवाचा, म्हणजे नवऱ्याचा, तो निळा शर्ट माझ्या धुण्यात आला. कोणी न घातलेला शर्ट धुवायचा कशाला, हे मलाही कळत होतं. पण दिवसचे दिवस एकच शर्ट दोरीवर लोंबकळत राहिला असता तर सोंग लगेच उघडं पडलं असतं. म्हणून मी तो भिजवायचे, पिळायचे आणि माझ्या साड्यांशेजारी वाळत घालायचे. कॉलरला मळ नसायचा, तरी ब्रश फिरवायचे. कधी कधी त्याच्याशी बोलायचेही. हे मात्र मावशीला सांगितलं नाही.

पहिल्या सुट्टीत नवरा आला आणि अजून एक कंत्राट घेतो म्हणून गेला. शर्ट त्याच्या ध्यानातही आला नाही. दुसऱ्या सुट्टीत मात्र, आल्याच्या दुसऱ्या दिवशी, भाजी आणायला जाताना त्याने तो कपाटातून काढला. खांद्यावर कापड पार विरलं होतं, निळ्याचं पांढरं झालं होतं, कॉलर फाटायला आली होती. तो शर्ट हातात धरून उभा राहिला.

"हा कोणी घातला गं?"

आवाज साधाच ठेवला होता त्याने, पण प्रश्न साधा नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडावर त्याला 'अहो' म्हणायचे मी, मनातल्या मनात मात्र 'अरे' चालायचं. त्या दिवशी ते तोंडावर येता येता राहिलं.

"उन्हानं घातला," मी म्हटलं. "वाऱ्यानं घातला. तुम्ही सोडून सगळ्यांनी घातला."

मग त्या माणसाचं, मावशीचं, दोरीचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. शर्टाची घडी केली, जागेवर ठेवली, आणि दुसरा घालून भाजी आणायला गेला. संध्याकाळी चहा घेता घेता म्हणाला, "तुझे हात बघ काय झालेत साबणानं. आपण वॉशिंग मशीन घेऊ." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसलं काम. मला हवं होतं एक आणि हा देत होता दुसरंच. या वेळी हा राहायला आलाय की जायला, एवढंच मला कळायला हवं होतं. विचारायचा धीर होत नव्हता, कारण एकदा विचारलं की उत्तर मिळणार.

तेव्हा मशीनचं आमच्या बिल्डिंगीत सगळं ऐकीवच होतं. कोणाकडे आलेलं नव्हतं. पण नवऱ्याने तिकडे वापरलं होतं, त्यामुळे तो अधिकारवाणीने बोलायचा. घ्यायचं तर फ्रंट लोडिंग, पुढून काचेचं दार असलेलं. त्यांच्या कामगारांच्या कॅम्पात तसलंच होतं म्हणे. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी खोलीतले सगळे त्याच्यासमोर बसून कपडे फिरताना बघायचे.

"टीव्हीसारखं?" मी हसले.

"टीव्हीपेक्षा बरं," तो म्हणाला. "कपडे तरी ओळखीचे असतात."

मी म्हणायचे, टॉप लोडिंग बरं. आपल्याकडे पाणी येतं सकाळी, तेही चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार. तुमच्या त्या काचवाल्याला नळाचा सतत जोर लागतो. वरून उघडणाऱ्यात बादलीने पाणी ओतता येतं. तो म्हणायचा, टाकी बसवू. मी म्हणायचे, टाकी भरायला कोण बसणार? सकाळी पोहे खाताना, दुपारी आडवं पडल्यावर, रात्री भांडी आवरताना आमचं हेच चालायचं. खरं सांगते, मला मजा येत होती. घरात भांडायला माणूस होतं.

आणि त्याच्या बोलण्यातला एक शब्द मी पकडून ठेवला होता. "फ्रंट लोडिंग म्हणजे आयुष्यभराचं काम," तो एकदा म्हणाला होता, "दोघांचं अंथरूण-पांघरूण सगळं एका वेळेला निघेल." दोघांचं! त्यानंतर मी तोंडाने टॉप टॉप करत राहिले, पण मनातून काचेच्या दारालाच मत देऊन बसले होते. हा आपला हट्ट सोडत नाही, म्हणजे हा राहणार, असा माझा हिशेब होता.

शेवटी रिक्षा करून घाटकोपरला एका दुकानात गेलो. दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी मांडलेल्या. काचवाल्याचा एकच नग होता, दारावरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नव्हता. दुकानदार गुजराती, बोलायला गोड. त्याने आधी किंमत सांगितली नाही की गुण सांगितले नाहीत. एवढंच विचारलं, "बोला बेन, घरात माणसं किती?"

"दोन," मी म्हणाले.

"एक," नवरा म्हणाला.

दोघंही एकदमच बोललो. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. नवरा खाकरला. "म्हणजे ही एकटीच असते. मी बाहेर असतो, गल्फमध्ये."

दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. "मग साहेब, पुढच्या दाराचा कशाला घेता? तो भरायला माणसं पाहिजेत ना! एकट्या बाईचे चार कपडे, आत नुसते आपटत राहणार. वरवाला घ्या. पाणी बादलीने टाका, मध्येच रुमाल राहिला तर झाकण उघडून टाका, काय टेन्शन नाय."

इतके दिवस मी जे बोलत होते तेच तो बोलत होता. मी जिंकले होते. 

"आम्हाला फ्रंट लोडिंगच हवंय," मी म्हटलं.

"अगं, पण पाणी?" नवरा म्हणाला.

"टाकी बसवू."

"आणि चार कपड्यांना एवढं मोठं..."

"कपडे जमवीन मी."

"तूच म्हणत होतीस ना टॉप लोडिंग बरं म्हणून?"

"आता नाही म्हणत."

दुकानदार बिचारा फडकं घेऊन काच पुसत राहिला, प्लास्टिकच्या कागदावरूनच. नवऱ्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "वरवालं द्या."

परत रिक्षा केली. भांडुपच्या आसपास मीच विचारलं, "नव्या कंत्राटावर सही करून आलात ना?"

"हो. निघायच्या आधीच."

"मग इतके दिवस फ्रंट फ्रंट काय लावलं होतं?"

तो बाहेर बघत होता. "बोलायला बरं वाटत होतं गं," तो म्हणाला.

मला राग आला, आणि तो पुरता यायच्या आत त्याची दया आली. तीही पुरती आली नाही. भाड्यासाठी मी पर्समध्ये सुटे शोधत बसले.

मशीन आलं. मोरीच्या बाहेर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवलं. त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मावशी शिमग्याला गावी गेली होती, नाहीतर पहिला मान तिचा होता. उरलेल्या सुट्टीत धुणं नवऱ्यानेच केलं. बादल्या तोच ओतायचा आणि झाकण उघडं ठेवून आत बघत उभा राहायचा. माझा परकर त्याच्या पँटीला पीळ घालून बसायचा, मग तो हात घालून सोडवायचा. त्या दिवसांत मशीन गच्च भरून चालायचं. ते दिवस सुखाचे होते, हेही सांगितलं पाहिजे. त्यात खोटं काही नव्हतं.

जायच्या दिवशी बॅगा दाराशी लागल्या होत्या. टॅक्सी खाली आली होती. तो पुन्हा आत गेला आणि मशीनच्या झाकणावर एक खोकं ठेवून आला. त्याने बाजारातून नवा शर्ट आणला होता, गडद मरून रंगाचा.

"जुना विरलाय," तो म्हणाला. "आता हा घालत जा दोरीवर."

काळजीनंच म्हणाला तो. आवाजात मायाही होती. म्हणूनच इतकं लागलं. कंत्राटाची सही, दुकानातलं ते 'एक', सगळं मी गिळलं होतं. पण माझ्या नवऱ्याने स्वतःच्या जागी लावायला स्वतःच शर्ट विकत आणला होता, आणि निवडला होता तोही पक्क्या, टिकाऊ कापडाचा.

पुढच्या रविवारी मी तो खोक्यातून काढला. कॉलरमधल्या टाचण्या काढल्या, पुठ्ठा काढला, बटणं सोडली. नव्या कपड्याचा रंग जातो, पहिल्यांदा तो इतर कपड्यांत घालत नाहीत, म्हणून माझे कपडे बाजूला ठेवले. पाणी ओतलं, पावडर टाकली आणि तो एकटाच मशीनमध्ये सोडला. झाकण लावलं नाही. एवढ्या पाण्यात एकच शर्ट, दोन्ही बाह्या वर येऊन फिरत होत्या. मी स्टूल ओढून बसले आणि बघत राहिले. मग मला रडू आलं, आणि मशीनचा आवाज मोठा होता म्हणून मी ते आवरलं नाही.

शर्ट पिळून बाल्कनीत वाळत घातला. नवा कोरा रंग उन्हात चांगला उठून दिसत होता. तेवढ्यात खालून हाक आली. मावशी गावाहून येत होती, हातात पिशव्या, मान वर करून माझ्या दोरीकडे बघत होती. ही युक्ती जिने शिकवली तिचाच चेहरा आनंदाने फुलला होता.

"काय गो, घोव इलो काय तुझो?"

"नाही मावशी," मी कठड्यावरून वाकून म्हटलं, "शर्ट इलो."